बुचाआडचं काम
पडदा वर जातो, आणि ट्युनिसच्या एका प्रयोगशाळेत सबिहा नळ्यांसमोर येरझारा घालताना दिसते. नळ्यांत हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू आहेत. हवेतला नायट्रोजन पकडणारं त्यांचं जनुक जागं झालं, तर रसायन घातल्यावर नळी पिवळी होणार. जनुक वाचणारं जिवाणूच्या आतलं सूक्ष्म यंत्र विंगेतल्या नटासारखं तयार उभं असतं. एक खास प्रथिन ढकलतं, तेव्हाच ते कामाला लागतं. त्या प्रथिनामागे सबिहाची उमेदीची वर्षं गेली होती. याही खेपेला रंग आला नाही, तर तिचं संशोधन बंद होणार होतं.

तिला धीर निघेना. घडीघडी बूच काढून ती आत डोकवायची, नळी हलवून बघायची.

बाहेर तिचे वयस्क सहकारी सी लमीन, म्हणजे आपल्याकडचे लमीनराव, चहा उकळत होते. तिनं तिथंही झाकण उचललं.

"हात काढ, पोरी. सासू तुला स्वयंपाकघरात कशी येऊ देईल?"

"सासू मिळालीय कुठं अजून?"

"मिळणार कशी? तिचंही झाकण उघडून बघशील."

सबिहा हसता हसता थांबली. ऑक्सिजन लागला की ते प्रथिन लुळं पडतं, हे तिला पाठ होतं. आणि हवा तीच आत सोडत होती.

तिनं नव्या नळ्या भरल्या, बुचं घट्ट बसवली आणि हात मांड्यांखाली दाबून बसली. दुसऱ्या दिवशी पहिल्या नळीत रसायन पडताच ती लिंबासारखी पिवळी झाली. सी लमीन धावत आले आणि घाईनं पुढच्या नळीचं बूच उपटू लागले.

"हात काढा, सी लमीन," सबिहा म्हणाली.