खंडेनवमीला घासलेला वाईस

नवऱ्याचा वाईस, म्हणजे मशीनवर लोखंड घट्ट धरणारा शिकंजा, मी एकदा चिंचेनं घासला. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रेल्वेतून निवृत्त होऊन यांनी मागच्या खोलीत लोखंड कापायचं मिलिंग मशीन बसवलं होतं. सिलतऱ्याच्या कारखान्याचं पहिलं काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, म्हणून सकाळभर सरळपणा मोजायचा सुईवाला डायल लावून, हलके ठोके देत यांनी वाईस सरळ केला होता. वाईस तिरपा, तर कामही तिरपं.

मी मोठी शहाणी! खंडेनवमीच्या पूजेसाठी बोल्ट काढून तो चकचकीत केला, अंदाजानं परत बसवला, वर हळदकुंकूही वाहिलं.

यांनी पुन्हा डायल लावला, तर सुई थांबेचना.

मी म्हटलं, "डोळ्याले तर सरळच दिसून राहिला!"

ते म्हणाले, "त्याच डोळ्यानं मले पसंत केलं होतं ना? धर पाना, आता तूच सरळ कर."