हाय जशी तशी

जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे अर्ज टाइप करता करता, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, मी तीन वर्षांत एक पटकथा लिहून काढली. दोन जावा गावातली बंद पडलेली पिठाची गिरणी चालवायला घेतात, अशी गोष्ट. लिहिणं आपल्याला जमलं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. आता पटकथा विकायची होती, आणि तीही माझ्या नावासकट.

आधी लेखकांच्या संघटनेत नोंदणी केली, म्हणजे उद्या कुणी गोष्टीवर हात मारायला नको. मग सगळी गोष्ट एका पानात बसवली आणि ते पान एका वाक्यात. त्या एका वाक्यानं जितका घाम काढला, तितका एकशे दहा पानांनी काढला नव्हता. गावाकडचे सिनेमे करणाऱ्या निर्मात्यांची यादी करून प्रत्येकाला वेगळा मेल लिहिला. एकच मजकूर सगळ्यांना चिकटवणारे लोक मला चांगले ठाऊक आहेत. त्यांचे अर्ज मीच टाइप करते, आणि ते अर्ज तसेच परत येतात.

महिन्याभरानं पुण्यातल्या एका निर्मात्यांच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. एका पानाची गोष्ट त्यांना आवडली होती. त्यांनी विचारलं, "पूर्ण स्क्रिप्ट कशी झालीय?"

मी म्हणाले, "आहे जशी तशी."

 मग, "बरं, नीट झाली की कळवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी कपाळावर हात मारून घेतला. खोड आमच्या घरातली होती. सोनाळ्याला बाबा शेती करतात. कपाशी बोंडांनी वाकलेली असो, बांधावरून कुणी विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "हाय जशी तशी." चांगल्याला चांगलं म्हटलं की नजर लागते. पटकथेची माझी प्रत वाचून परत देतानाही बाबा एवढंच म्हणाले होते. ते कौतुक होतं की खरंच जेमतेम, हे मला कळलं नव्हतं, आणि ते मनाला लागून राहिलं होतं.

त्या रविवारी मी सोनाळ्याला जाऊन बाबांवरच चिडले. "तुमच्या जशी तशीपायी हातचं काम गेलं माझं!"

"मंग काय म्हनावं वं?" बाबा खरोखरच गोंधळले. "आपल्याच तोंडानं चांगली हाय म्हनावं?"

"हो, म्हनावं!"

सोमवारी मी स्वतःच पुण्याला फोन लावला. पटकथा तयार आहे, ऐकवायला येते, असं सांगितलं आणि गेलेसुद्धा.

निर्माते आणि त्या बाई समोर बसले. चाळीस मिनिटं मी तीच प्रत हातात धरून न अडखळता गोष्ट सांगितली. निर्मात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? चांगली आहे?"

जुनी सवय जिभेवर आलीच. हाताला काहीतरी चाळा म्हणून मी शेवटचं पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूला, खाली कोपऱ्यात, एक काळा ठिपका होता. तव्याच्या काजळीचा, बोटानं टेकवलेला. मधोमध आडवी चीर उमटली होती. विळा लागून फाटलेलं बाबांचं ते बोट मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्याकडे असा ठिपका देखण्या बाळाला लावतात, नव्या बैलाला लावतात. जेमतेम वस्तूला कुणी काजळी वाया घालवत नाही.

डोळे भरून आले, पण आवाज ठणठणीत निघाला. "चांगली आहे. फार चांगली आहे. अशी गोष्ट या टेबलावर रोज येत नाही."

निर्माते हसले आणि त्यांनी पाणी मागवलं.

पुढे करार आला. लेखक म्हणून माझं नाव त्यात होतं. मी तो दोनदा वाचला, दोन कलमं बदलून घेतली आणि सही करायला परत पुण्याला गेले. बाईंनी माझ्या हातातली प्रत फाइलला लावायला मागितली. ती काही मी दिली नाही. खाली जाऊन झेरॉक्स काढून आणली, शेवटच्या पानाच्या कोऱ्या बाजूचीसुद्धा. दुकानदार म्हणाला, "ताई, यावर काहीच नाहीये, नुसता डाग आहे." मी म्हटलं, "तरी काढा."