दारावरचं काम

दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये परदेशातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळी चालवणाऱ्या काकांनी, सुरुवातीच्या काळातल्या मंडळ्यांबद्दल वाचायला घेतलं आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. तेव्हा म्हणे उपासना घरातच व्हायची. वचनपीठ नाही, बाकं नाहीत. जेवणाचं टेबल तेच प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत भाकर मोडून खायचं. इथवर ठीक. आम्ही तरी कुठे बसत होतो? आपापल्या जेवणाच्या टेबलाशीच, झूमवर.

पण मग त्यांनी कामं वाटली. शहराच्या एका टोकाला पॉइंट कुकचा वाचक, दुसऱ्या टोकाला ग्लेन वेव्हर्लीचे दोघं सेवक. स्क्रीनवर कसली सेवा, देव जाणे. बारा घरांत अकरा अधिकारी. मग ऐकायला कोण, असं मी विचारलं, तर सगळे हसले आणि मला द्वारपाल केलं. म्हणजे क्रेगीबर्नमधल्या माझ्या घरातून बटण दाबून लोकांना आत घ्यायचं. नववीत शाळा सोडलेली मी, मला हे कुठलं जमायला. पण याच काकांनी माझे फॉर्म भरून दिले होते, वृद्धाश्रमातल्या लॉन्ड्रीत काम लावून दिलं होतं. नाही कशी म्हणणार?

त्यात नियम असा, की भाकर मोडण्याआधी बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर काढून दार लावायचं. आमच्यात तसं कुणी नव्हतंच. तरी मी दर रविवारी मीटिंग लॉक करायचे.

त्या रविवारी जालन्याहून आई झूमवर आली होती. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तीन आठवडे झाले होते. विमानं बंद, दफनविधी मी फोनवर पाहिला. तिथलंही चर्च बंद. दादांनंतर तिला प्रभुभोजन मिळालं नव्हतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाऐवजी मनुकांचं पाणी घेऊन ती सकाळपासून तयार होती. मी लॉक केलं आणि त्याच मिनिटाला तिचं नेट गेलं. लगेच फोन. "आत घेईना गं मला."

मी काकांना सांगितलं, आई बाहेर राहिली.

"दार लागलं, ताई," काका म्हणाले. "उशिरा आलेल्याला तेव्हाही उघडत नसत. पुढच्या रविवारी बघू."

"उशिरा नाही आली ती, काका. मला दारावरच्या कामावरून काढा, पण ती येईपर्यंत भाकर मोडू नका."

इतकं उलट मी त्यांना कधीच बोलले नव्हते. बोलता बोलताच लॉक काढलं. मग स्क्रीनवर आईचं अर्धं कपाळ आणि छताचे पत्रे दिसले.

"झालं का तुमचं?" तिने विचारलं.

"नाही हो, बाई, तुमच्यासाठीच थांबलोय," काका म्हणाले, जसं काही थांबायचं त्यांनीच ठरवलं होतं. त्यांनी भाकर मोडली.