दत्तू चुकला नव्हता

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्यापूर्वी आमची कंपनी आठ महिने बेळगावच्या डेपोत होती. माझं गाव मच्छे, डेपोपासून चालत दोन तासांवर. तरी आउटपास महिन्यातून एकदाच मिळायचा. पहाटे पाचला बिगुल, साडेपाचला पीटी, सातला परेड, दुपारी वेपन ट्रेनिंग. आता नातवंडं विचारतात, त्यात मजा काय होती? मजा रविवारी होती. दहा वाजता किट इन्स्पेक्शन संपलं की बराकीमागच्या फणसाखाली आम्ही कांबळं पसरायचो आणि नाईक दत्तू मगदूम पत्ते पिसायला घ्यायचा.

दत्तू निपाणीचा. त्याचे वडील तंबाखूच्या वखारीत पानांची निवड करायचे. दत्तू आमचा सेक्शन कमांडर, वय चोवीस. सिग्नलच्या कोर्सला गेला असताना एका गोऱ्या सार्जंटकडून तो पोकर शिकून आला होता. प्रत्येकाला पाच पत्ते. नको असतील ते टाकून एकदा बदलून घ्यायचे. ज्याच्या हातात मोठा जोड, त्याचा डाव. पैसे लावायला बंदी होती, म्हणून आम्ही काडीपेटीतल्या काड्या लावायचो.

त्याच्यासारखा खेळणारा मी पुढे पाहिला नाही. कुणी किती पत्ते बदलले ते तो लक्षात ठेवायचा. पानं हलकी असली तर पहिल्याच फेरीत गुपचूप खाली ठेवायचा. आणि इतकं करून मोठ्या डावात हटकून हरायचा.

एका रविवारी त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राण्या होत्या. माझ्याकडे नुसत्या दोन नव्व्या. बाकीच्यांनी पत्ते टाकले. मी हट्टानं बसून राहिलो आणि तीन पत्ते बदलून मागितले. त्यात उरलेल्या दोन्ही नव्व्या आल्या. चार सारखी पानं, म्हणजे त्याच्या जोडाच्या वर. सगळ्या काड्या माझ्याकडे आल्या. खानापूरकडचा यल्लाप्पा, आमचा ब्रेनगनवाला, कांबळ्यावर लोळून हसला.

"नशीब लई वाईट रं तुझं," मी म्हणालो.

"व्हय," दत्तू पत्ते गोळा करत म्हणाला. "पर खेळ वाईट न्हवता."

"हरलास की."

"हरलो म्हंजे चुकलो व्हय? हीच पानं परत आली तर मी असाच खेळणार. तू मातर पुन्यांदा असं करू नगंस, शंकर. जिंकलास म्हणून तुला वाटंल, बरोबर खेळलो."

हरलेला माणूस काहीतरी बोलतोय, असं मला तेव्हा वाटलं.

पुढच्या वर्षी आम्ही ब्रह्मदेशात होतो. एका टेकडीवर जपानी बसले होते. टेकडीखालच्या बांबूच्या बनापर्यंत आमच्या सेक्शननं सकाळी आठच्या आत पोहोचायचं, अशी ऑर्डर होती. जायला दोन वाटा. एक उघड्या भातशेतातून, दोनशे यार्डांची. दुसरी कोरड्या नाल्यातून, वळसा घालून तिप्पट लांब. आदल्या दिवशी दुसरं एक सेक्शन शेतातून गेलं होतं आणि त्यांच्यावर एकही गोळी आली नव्हती.

दत्तू वीस मिनिटं बांधाआड पडून दुर्बिणीतून टेकडी बघत होता. मी सरपटत त्याच्याजवळ गेलो.

"शेतातनं जाऊया. काल ते गेल्यात की."

"गेलं ते नशिबानं गेलं. वर ताजी माती दिसतीया. रातीत काय तरी खणलंय." त्यानं दुर्बीण खाली ठेवली. "सात जणांस्नी नशिबावर सोडणार न्हाय मी. नाल्यातनं जायचं."

वायरलेसवर त्यानं प्लॅटून कमांडरना कळवलं.

"नाल्यातून पुढे जातोय. ओव्हर."

"ठीक आहे. ओव्हर."

सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही नाल्यात उतरलो. पुढे दत्तू, त्याच्यामागे यल्लाप्पा, मग इतर. मी चौथा. अर्धी वाट नीट गेली. मग टेकडीमागून मॉर्टरचे तीन गोळे आले. नेम धरून नव्हे, जपानी सकाळी असे चार-दोन गोळे कुठेही टाकत. पहिले दोन शेतात पडले. तिसरा नाल्यात पडला, दत्तूपासून दोन हातांवर.

दत्तू जागीच गेला. यल्लाप्पाचा श्वास मिनिटभर चालला होता. मी ब्रेनगन उचलली आणि वायरलेसचा सेट हातात घेतला.

"सेक्शन कमांडर गेले. एक जवान गेला. कमांड मी घेतली आहे. ओव्हर."

पलीकडून ऑर्डर आली.

"पुढे जा. ओव्हर."

आठला पाच कमी असताना आम्ही सहा जण बनात पोहोचलो. संध्याकाळी दोघांना नाल्याच्या काठावर अग्नी दिला.

कंपनीत बोलणं सुरू झालं. शेतातून आला असता तर वाचला असता. मीही दोन दिवस तेच मनात घोळवत होतो. तिसऱ्या दिवशी कंपनीनं टेकडी घेतली. मी वरच्या खंदकात उतरलो आणि जपान्यांच्या मशीनगनमागे बसून खाली पाहिलं. एक नाही, दोन गन होत्या. दोन्हींची तोंडं शेताकडे. शेतातला बांधन्‌बांध दिसत होता. नाला कुठूनच दिसत नव्हता. मी बराच वेळ तिथून उठलो नाही.

लढाई संपल्यावर मी निपाणीला गेलो. दत्तूचे वडील, आप्पा, घरातच होते. रजेवर आलेल्या कुणा शिपायानं चावडीवर सांगितलं होतं, की मगदूमाच्या पोरानं चुकीच्या वाटेनं नेऊन माणूस मारला. त्या दिवसापासून आप्पा चावडीवर गेले नव्हते.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांग. पोरगं चुकलं का?"

मी अंगणातल्या धुळीत बोटानं टेकडी काढली, शेत काढलं, नाला काढला. दोन्ही गन कुठे होत्या ते दाखवलं. आप्पा उकिडवे बसून बघत होते.

"म्हंजे शेतातनं गेला असता तर?"

"आठातला एक बी राहिला नसता, आप्पा. मी बी न्हाय."

त्यांनी नाल्याच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे चावडीवर सांगशील?"

त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत सांगितलं. नाईक दत्तू मगदूम, असं रँकसकट नाव घेऊन, उभं राहून सांगितलं. खानापूरचा यल्लाप्पा त्याच्यासोबत गेला, तेही सांगितलं. बोलणाऱ्यांनी माना खाली घातल्या. आप्पा सगळ्यांच्या पुढे येऊन बसले होते.

परत येताना ते वाटेत थांबले.

"आणि त्यो दुसरा पोरगा, खानापूरचा? त्याच्या घरी कोण गेलतं?"

"कुणी न्हाय, आप्पा. नुसतं सरकारी पत्र गेलतं."

"नाव काय म्हणालास?"

"यल्लाप्पा. यल्लाप्पा पाटील."

आप्पांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"मग उद्याच्या पयल्या मोटारीनं जाऊ," ते म्हणाले. "त्येच्या आईबापास्नी सांगाय पायजे. मी बी येतो."