पडवळच्या पायऱ्या

जेवण झाल्यावर दिगंबरराव सबनीस दिवाणावर आडवे झाले आहेत. डोळा लागतोय न लागतोय, पण झोप काही धड येत नाही. येईल कशी? खाली जाळीच्या पिंजऱ्यात पडवळ पडून आहे. पडवळ म्हणजे त्यांचा कुत्रा हो! लांबलचक अंग आणि बोटभर पाय. दिवाणावरून उडी मारली आणि मागचे दोन्ही पाय लुळे पडले. पाठीची चकती सरकलीय, महिनाभर हलू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

दोष कुणाचा, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कामवाल्या छबूताईनं केर काढताना पडवळच्या दिवाणावर चढाउतरायच्या गादीच्या पायऱ्या हलवल्या आणि परत लावल्या नाहीत. सूनबाईंनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. आणि हे सांगितलं कुणी? दिगंबररावांनीच.

पंचा तोंडावर ओढून घेतात, तर कडेला त्यांची बायको कुमुद बसलेली. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी मांडीवर जुनी गादी आणि हातात दाभण आहे. पायऱ्या तिनंच शिवल्या होत्या. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांतसुद्धा तिचं एकच, पडवळला उडी मारू देऊ नका.

"अहो, पायऱ्या दिसत नाहीत त्या?"

"त्या... छबूनं केर काढताना..."

स्वप्नातसुद्धा तेच! आणि मेलेल्या बायकोशी! काय म्हणावं या माणसाला?

"हो का?" कुमुद म्हणते. "मग उतरा खाली, शोधू या."

ते पाय खाली सोडतात, पण जमीन लागत नाही. पाय बोटभर झालेत. दिवाण माळ्याइतका उंच झालाय आणि खाली बैठक मांडली आहे. धुतलेले अभ्रे, पोह्यांच्या बशा. नातीला बघायला मंडळी आली होती, तोच रविवार. दाराशी स्वतः दिगंबररावच दिसतात, पायऱ्या उचलून गॅलरीत नेताना. "असलं गबाळं पाहुण्यांना दिसायला नको," असं पुटपुटताहेत.

वर बसलेल्या दिगंबररावांना घाम फुटतो.

"मीच हलवल्या गं, कुमुद. त्या ठिगळांची लाज वाटली मला."

"आणि पाहुणे गेल्यावर?"

"विसरलो. पडवळ केकाटला, सगळे धावत आले, आणि माझ्या तोंडून छबूचं नाव निघून गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

"ते मला सांगताय?" कुमुद हसते. मग तिचं हसू मावळतं. "माझ्यापाशी बोलून काय उपयोग? मला कुठे कामावरून काढलंय?"

बैठक आता प्राण्यांच्या दवाखान्यातलं थंडगार टेबल झाली आहे आणि त्यावर ते पालथे पडलेत. ती पाठीवरून हात फिरवते. अगदी हळू, पडवळला कुरवाळायची तसा. त्यांना रडू येतं. कुमुद त्यांच्या पंच्याचं टोक ओढते.

"विसराळू आहात तुम्ही. गाठ मारून ठेवते."

चार वाजता जाग येते. पिंजऱ्यात पडवळ घोरतोय. पंचा छातीवर घसरलाय आणि त्याच्या टोकाला गाठ आहे, घट्ट आणि दुहेरी. दिगंबरराव नखांनी सोडवू बघतात, सुटत नाही.

सूनबाई चहा घेऊन येतात.

"मंजिरी, छबूताईला फोन लाव. आणि जाऊ नकोस, मोठ्यानं ऐकू येईल असा लाव."

पलीकडून लगेच आवाज येतो. "काका? पडवळ उभा राहिला का हो?"

दिगंबरराव पंच्याची गाठ मुठीत धरतात. "छबूताई, पायऱ्या तू नाही हलवल्यास. मी हलवल्या होत्या. खोटं बोललो मी."

मंजिरीच्या हातातला कप बशीवर वाजतो.

"ठाऊक आहे मला," छबूताई म्हणते. "गॅलरीत बघितल्या होत्या मी. पण तुमच्या वयाच्या माणसाला लेकासुनेसमोर खोटं कसं पाडायचं? ते जाऊ द्या. पडवळ उभा राहिला का, तेवढं सांगा."