गुलाबी भिंतीची हौस

लग्न होऊन लालबागच्या खोलीत आले, तेव्हा माझा पहिला हट्ट गुलाबी ऑइलपेंटचा होता. चुन्याची भिंत पाठीला लागायची, आणि पांढऱ्या पाठीने चाळीचे जिने उतरायचे म्हणजे माझ्या रुबाबाचं काय! रंग लागला. आत कोंडलेली ओल दोन पावसाळ्यांत फुगे होऊन बाहेर आली. मग महाराणी, म्हणजे मीच, प्रत्येक फुग्यावर एकेक कॅलेंडर टांगत गेले. पाहुण्यांना वाटायचं, बाईला तारखांची भारी आवड!

यंदा ती भिंत माझ्या नातीने खरवडून घेतली आणि तिच्यावर नवा गिलावा केला. नात बांधकामाच्या मसाल्यांवर संशोधन करते. तिच्या गिलाव्यात चुना, रेती आणि कसल्याशा हिरवट दगडाची भुकटी. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन तो घट्ट होतो म्हणे. प्रयोगशाळेबाहेरची तिची ही पहिलीच भिंत.

"आजी, रंग लावायचा नाही हं. लावलास तर ती उपाशी मरेल."

आणि गणपती तोंडावर! आमच्यात भिंतींना नवा रंग दिल्याशिवाय बाप्पा घरात येत नाही. धाकटे भावजी दरवर्षीसारखे डबा-ब्रश घेऊन हजर.

"वहिनी, बाप्पा काय गोडावनात बसतलो?"

नात रडकुंडीला आली.

"गावी मातीच्या भिंतीपुढे बसायचा, तेव्हा रुसला होता का?" मी म्हटलं. "ठेवा तो डबा."

मागे हवा खेळावी म्हणून मखर हातभर पुढे ओढलं. आरतीला खोली गच्च भरली.

"जोरात म्हणा रे, भिंतीला जेवू घालायचंय!" मी ओरडले.

भावजींचाच आवाज सगळ्यांत मोठा. आपण टाकलेला श्वाससुद्धा कुणाच्या पोटात जातोय, हे या वयात कळलं की जरा बरं वाटतं.

विसर्जनानंतर नातीने मखरामागचा एक टवका काढला आणि त्यावर बाटलीतलं औषध फवारलं.

"गुलाबी होईल तेवढा भाग अजून उपाशी."

टवका आतून गुलाबी झाला. माझा लाडका रंग, अगदी तोच! बाहेरची कड मात्र नखाएवढी पांढरीच राहिली. नात तिच्याकडे बघतच बसली.

भावजी चष्मा लावून वाकले. "इतक्याच?"

"हळूहळू खाते ती, आजोबा. पुढच्या गणपतीला परत बघू. तोवर रंग नाही ना लावणार?"

भावजींनी डबा उचलला.

"दाराक लावतंय."