ताईचा बायोडाटा

ती वेबसाइट मी बनवली होती, हे आता मी कुणाला सांगत नाही. उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींची वधू-वर सूची इंटरनेटवर आणली म्हणून तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! टावर चौकातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

बायोडाटा कागदावर यायचे, मी ते टाइप करायचे. फक्त शेजारचे काका, बँकेतून रिटायर झालेले, हटून बसले. "बेटा, मुलीचा कागद मीच लिहिणार." त्यांची मुलगी, माझी ताई, माधव नगरच्या शाळेत गणित शिकवायची, मलाही तिनेच शिकवलं होतं. काकांनी माझ्या कॉम्प्युटरवर एका बोटाने आधी '॥ श्री ॥' लिहिलं, एंटर दाबलं आणि मग मजकूर सुरू केला. लग्नाचा कागद श्रीशिवाय कसा सुरू होणार?

हा डेटा जेसन नावाच्या ठरावीक साच्यात वेबसाइटच्या पानाकडे जायचा. त्यासाठी तयार, भरवशाचं साधन होतं. मी मात्र मजकूर हातानेच अवतरणचिन्हांत कोंबला. त्या चिन्हांच्या आत ओळ तोडलेली चालत नाही; काकांच्या त्या एका एंटरने ताईची नोंद मोडली, ब्राउझरला ती वाचता येईना. आणि पान खराब दिसू नये म्हणून, चूक आली तर गुपचूप पुढे जा, असं मीच कोडमध्ये लिहून ठेवलं होतं. बाकी सगळे दिसायचे, ताई दिसायची नाही. मला पत्ताच नव्हता.

दोन वर्षं काका दर रविवारी येत राहिले. "कोई जवाब आला का ग?" मी मेल बघून नुसती मान हलवायचे. पुढे पुढे मला त्यांचा कंटाळा यायला लागला. पस्तिशीच्या मुलीला कोण विचारणार, असं मी मनात म्हणायचे. त्या थंडीत काका गेले.

महिन्याभराने ताई आली. "माझं नाव काढून टाक." काढायला गेले तर पानावर नावच नाही. कोड उघडला आणि श्रीनंतरचा तो एंटर दिसला. तिच्यासमोर खोटं बोलणं मला कधीच जमलं नव्हतं. सगळं सांगितलं.

"म्हणजे मला कुणी नाही म्हटलंच नव्हतं?"

"नाही, ताई."

ती म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत मला विचारत होते ग, मी त्या कागदात काय गलत लिहिलं?"